शिलालेखांचे आश्रयदाते : डॉ. भाऊ दाजी लाड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर महाराष्ट्रीयाचे चरित्र असावे, हा आपल्याकडील मंडळांचा जुना शिरस्ता आहे. संत, वीर आणि देशभक्त यांची चरित्रे आपल्या घरांतून वाचली जातात आणि ती वाचली जावीत हे योग्यच होय. आम्ही मात्र या वेळी थोडी निराळी निवड केली आहे. मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेत मुलाबाळांना घेऊन गेलेल्या वाचकांनी तेथील संग्रहालयाच्या दारावर 'डॉ. भाऊ दाजी लाड' हे नाव वाचले असेल. नाव वाचून आपण आत जातो आणि बाहेर येईपर्यंत ते विसरतोही. हे भाऊ दाजी कोण, त्यांनी काय केले आणि एका संग्रहालयास त्यांचे नाव का दिले गेले, हे सांगण्याचा येथे अल्प प्रयत्न आहे.

निवडीस आणखी एक कारण आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना भाऊंचे चरित्र विशेष जवळचे वाटावे असे आहे. त्यांचे औत्सुक्य महाराष्ट्राच्या सीमेपाशी थांबले नाही. जुनागडचा खडक, दिल्लीचा लोहस्तंभ, गाझीपूरजवळील भितरीचा स्तंभ आणि खानदेशातील पाटण्याचा शिलालेख या सर्वांची त्यांना सारखीच ओढ होती. यांपैकी पुष्कळ स्थळे आज आपल्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

मांद्रे ते मुंबई

भाऊंचे मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. त्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी गोव्यातील पेडणे भागात मांद्रे या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती. पोट भरण्यासाठी कुटुंब मुंबईस आले आणि पुढे मुंबईकरच झाले. म्हणजे ज्यांना मुंबईचे नागरिक म्हणून आपण ओळखतो, ते भाऊही एका अर्थी घर सोडून आलेल्या कुटुंबातीलच होते. लहानपणी बुद्धिबळातील त्यांची चलाखी पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यांच्या वडिलांस मुलाला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे तेथेच त्यांनी काही काळ अध्यापनही केले. काठेवाड व कच्छ या प्रांतांतील बालिकाहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास बक्षीस मिळाले. ही त्यांच्या लेखणीची पहिली सार्वजनिक ओळख होय.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊ त्याच्या पहिल्या तुकडीतील विद्यार्थी होते. १८५१ च्या सुमारास पदवी घेऊन बाहेर पडल्यावर थोड्याच वर्षांत त्यांचा व्यवसाय भरभराटीस आला. धनिकांकडून ते भरपूर फी घेत. गोरगरिबांस मात्र औषध विनामूल्य देत. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या कामी त्यांचे सहकारी होते. कुष्ठरोगावर वनस्पतिजन्य तेलाचा उपचार करण्याचे त्यांचे प्रयोग त्या काळी फार गाजले. १८५२ साली स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनच्या कामात ते प्रारंभापासून होते. मुलींच्या शाळांना त्यांनी पाठबळ दिले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांचा समावेश झाला. १८६२ च्या प्रसिद्ध महाराज लायबल खटल्यात वैद्य या नात्याने त्यांनी निर्भीड साक्ष दिली आणि १८६९ व १८७१ अशी दोनदा मुंबईच्या शेरीफपदाची मानाची जागा त्यांना मिळाली.

एवढ्यावरच चरित्र संपले असते तरी ते एका कर्तबगार नागरिकाचे चरित्र ठरले असते. परंतु दिवसभर रोग्यांच्या नाड्या पाहणारा हा पुरुष आपली मिळकत आणि उरलेला वेळ एका निराळ्याच कामी लावीत होता. देशभर विखुरलेले जुने शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि पोथ्या मिळवून त्यांवरून भारताचा कालक्रम लावणे, हे ते काम होय.

त्या वेळच्या स्थितीची कल्पना वाचकांस द्यावी लागेल. अशोकाच्या लेखांची ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेप याने १८३७ च्या सुमारास उलगडली होती. परंतु १८४० साली तो वारला आणि पुढील दोन दशके या क्षेत्रातील काम मंद गतीने चालले. कोणता राजा आधी, कोणता नंतर, कालिदास कोणत्या शतकातला आणि आर्यभट कोणत्या, या साध्या प्रश्नांनाही खात्रीची उत्तरे नव्हती. पुराणांतील वंशावळी एक सांगत, दंतकथा दुसरेच सांगत. साक्ष द्यावयास दगड तयार होता. पण त्याच्यापाशी जाऊन ती लिहून घेणारे कोणी नव्हते. जो तो देवळाच्या भिंतीवरील अक्षरांना पांडवांची किंवा राक्षसांची लिपी म्हणून नमस्कार करी आणि पुढे जाई. ही अनास्था केवळ अडाण्यांची नव्हती, शिकलेल्यांचीही होती. भाऊंनी ती मनावर घेतली.

जुनागडचा तरुण

शिलालेखाचे काम घरी बसून होत नाही. दगड पर्वतावर, लेणे अरण्यात आणि स्तंभ शेकडो कोसांवर. शेवाळ झाडून, चुना खरवडून, अक्षर न् अक्षर नजरेखालून घालून त्याची बिनचूक नक्कल उतरवावी लागते. एक काना चुकला तरी राजा बदलतो. मोठा व्यवसाय सांभाळणाऱ्या वैद्यास हे सर्व स्वतः करणे शक्य नव्हते. त्यांना जो मनुष्य हवा होता तो जुनागडास मिळाला.

भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म १८३९ साली जुनागडास झाला. त्या गावाजवळ गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड खडक आहे. त्यावर अशोकाच्या चौदा आज्ञा, दुसऱ्या शतकातील महाक्षत्रप रुद्रदामन् याचा लेख आणि पाचव्या शतकातील स्कंदगुप्ताचा लेख असे तीन राजवटींचे लेखन एकत्र आहे. प्रिन्सेपच्या अक्षरतक्त्यावरून भगवानलाल पोरवयातच ती अक्षरे लावावयास शिकले. रासमालेचे कर्ते किन्लॉक फोर्ब्स यांनी त्यांचे नाव भाऊंना सुचविले आणि १८६२ च्या सुमारास हा तरुण मुंबईस भाऊंच्या पदरी आला. तेव्हापासून भाऊंच्या निधनापर्यंत, म्हणजे सुमारे बारा वर्षे, ही जोडी एकत्र राहिली. एकाने पैसा, ग्रंथ, इंग्रजी भाषा आणि विद्वत्सभेतील स्थान पुरवावे; दुसऱ्याने पाय, डोळे आणि लिपीचे ज्ञान द्यावे, अशी ही विभागणी होती.

या सहकार्याचे पहिले मोठे फळ जुनागडच्या खडकाचेच होते. तेथील रुद्रदामन् व स्कंदगुप्त या दोघांचे लेख भाऊंनी मूळ, वाचन व भाषांतर यांसह रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पत्रिकेतून प्रसिद्ध केले. या लेखांत सुदर्शन नावाच्या तलावाची हकीकत आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधलेला हा तलाव वादळी पावसाने फुटला. भगदाड एवढे मोठे होते की, सचिवांनी हे काम होण्यासारखे नाही असा अभिप्राय दिला. तरीही रुद्रदामन् याने प्रजेकडून वेठ न घेता, जादा कर न बसविता, स्वतःच्या कोशातून द्रव्य खर्चून बंधारा पुन्हा उभारविला. पुढे तीनशे वर्षांनी स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यावर पुन्हा तीच वेळ आली आणि त्यानेही तो दुरुस्त केला. फायलींवर अभिप्राय लिहिण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या आमच्यासारख्यांस हा लेख वाचताना अठराशे वर्षांचे अंतर जाणवत नाही. शिलालेख म्हणजे केवळ राजांच्या बिरुदांची यादी अशी समजूत असलेल्यांनी तो अवश्य वाचावा.

अजिंठा, नाशिक आणि पाटणे

१८६३ साली भाऊंनी अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांवर निबंध वाचला. अजिंठ्याची चित्रे तोवर प्रसिद्धीस आली होती. परंतु ही लेणी कोणी खोदविली हे सांगणारे लेख अपुरेच वाचले गेले होते. सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखातून वाकाटक राजांची वंशावळ आणि हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचे दान ही माहिती पुढे आली. भाऊंच्या वाचनात पुढील अभ्यासकांनी पुष्कळ दुरुस्त्या केल्या. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी विसाव्या शतकात या लेखाचे नव्याने संपादन केले. तथापि विदर्भाच्या या विस्मृत राजकुळाच्या अभ्यासात भाऊंच्या त्या निबंधाचे स्थान पहिल्या पायऱ्यांपैकी एक असे आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेख आणि क्षत्रपांची नाणी यांवरील अंकांचा प्रश्नही असाच होता. त्या काळी आपल्याकडे शून्य व स्थानमूल्य यांवर आधारलेली आजची पद्धत रूढ नव्हती. दहा, वीस, तीस यांना वेगवेगळी चिन्हे, शंभराला निराळे, हजाराला निराळे अशी व्यवस्था होती. त्यामुळे चिन्ह ओळखू आले नाही तर नाण्यावरचे वर्ष लागत नसे आणि वर्ष न लागले तर राजांचा क्रम लागत नसे. काही लेखांत तीच संख्या शब्दांतही दिलेली असते. शब्द व चिन्ह ताडून पाहून आणि नाण्यांशी मेळ घालून या जोडीने बहुतेक चिन्हांचे मूल्य निश्चित केले. काम कोरडे खरे. पण पश्चिम भारताच्या पहिल्या चार शतकांचा इतिहास याच आकड्यांवर उभा आहे.

भाऊंच्या सर्व शोधांत मराठी माणसास सर्वांत जवळचा वाटावा असा शोध चाळीसगावाजवळच्या पाटणे या गावचा आहे. तेथील देवळातील एका शिलालेखावरून असे कळते की, थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चंगदेव याने आपल्या आजोबांचा सिद्धांतशिरोमणी आणि कुळातील इतर ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ कुळातील सोइदेव राजाने त्यास शके ११२८ च्या सुमारास दान दिले. ज्या काळी आपल्याकडे गणिताचे खास विद्यालय असू शकेल अशी कोणाची कल्पनाही नव्हती, त्या काळचा हा लेखी पुरावा. यातही मौज अशी की, लेखाचा शेवटचा भाग संस्कृतात नसून जुन्या मराठीत आहे. गावच्या बाजारात येणाऱ्या मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर मठासाठी काय द्यावयाचे हे त्यात नोंदले आहे. राजाने भूमी दिली आणि तेल्याने घाण्यामागे पळीभर तेल दिले, तेव्हा कोठे ग्रहगणिताची ती शाळा चालली. हा लेख भाऊंनी १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत प्रसिद्ध केला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल व भास्कराचार्य यांचा काळ आणि त्यांच्या ग्रंथांची विश्वसनीयता यांची चर्चा त्यांनी याच निबंधात केली. दुर्मीळ झालेल्या आर्यभटीयाच्या पोथ्या त्यांनी परिश्रमपूर्वक मिळविल्या होत्या, त्यांचा येथे उपयोग झाला.

मुंबई बुडाली तरी

भाऊंच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत मोठा वाटणारा भाग यानंतर सुरू होतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाल्याने मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि शहरात शेअरांचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि हा डोलारा कोसळला. बँका बुडाल्या, मोठमोठी घराणी रस्त्यावर आली. भाऊही या सट्ट्यातून सुटले नाहीत. त्यांचे फार मोठे नुकसान झाले.

याच सुमारास सरकारदरबारी काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. १८६१ साली जनरल कनिंगहॅम यांच्या नेतृत्वाखाली भारत सरकारने पुरातत्त्व सर्वेक्षणाचे काम सुरू केले होते. १८६६ साली ते बंद करण्यात आले आणि १८७१ मध्ये त्याची पुनःस्थापना झाली. मधली पाच वर्षे सरकारच्या दृष्टीने या विषयाची निकड नव्हती. शासकीय कारभाराच्या अनुभवावरून आम्ही सांगू शकतो की, खाते बंद करण्यास एक आदेश पुरतो. त्याबरोबर जी माहितगार माणसे पांगतात, ती मात्र दुसऱ्या आदेशाने परत गोळा होत नाहीत.

सरकारने हात आखडता घेतला होता आणि स्वतःची तिजोरीही रिती झाली होती, अशा दुहेरी अडचणीत भाऊंनी काम थांबविले नाही. उलट याच वर्षांत त्यांनी भगवानलाल यांस उत्तर हिंदुस्थानच्या लांब प्रवासास पाठविले. १८६९ साली मथुरेस भगवानलाल यांना शीतलादेवीच्या ओट्याच्या पायऱ्यांत बसवून टाकलेले एक तांबड्या दगडाचे सिंहशीर्ष आढळले. त्यावर खरोष्ठी लिपीत शक क्षत्रपांच्या घराण्याची माहिती कोरलेली होती. शक राज्यकर्त्यांच्या इतिहासाचे हे एक प्रमुख साधन मानले जाते. पायऱ्यांचा दगड म्हणून लोक त्यावर पाय देऊन जात होते.

त्याच प्रवासांतून दिल्लीच्या लोहस्तंभाच्या लेखाची नवी नक्कल मुंबईस आली. मेहरौलीचा हा स्तंभ पाहिला नाही असा दिल्लीकर विरळा. प्रिन्सेपने त्याच्यापाशी आलेल्या सदोष नकलेवरून राजाचे नाव 'धव' असे वाचले होते. भाऊंनी १८७१ साली एशियाटिक सोसायटीपुढे जे वाचन ठेवले त्यात ते नाव 'चंद्र' असे होते. आज बहुतेक विद्वान हा चंद्र म्हणजे गुप्तवंशीय दुसरा चंद्रगुप्त होय असे मानतात. म्हणजे स्तंभ दिल्लीत, राजा गुप्तांचा, नक्कल काढणारा काठेवाडी, वाचन सिद्ध झाले गिरगाव-काळबादेवीच्या मुंबईत आणि खर्च गोव्याहून आलेल्या एका मराठी वैद्याचा. भितरीच्या स्तंभावरील स्कंदगुप्ताच्या लेखाचे सुधारलेले वाचनही भाऊंनी याच काळात सादर केले. पुढे राजस्थान, वायव्य प्रांत आणि नेपाळपर्यंत भगवानलाल हिंडले, तेही भाऊंच्याच पाठबळावर.

लोकांसाठी उघडलेले दार

पत्रिकेतले निबंध विद्वानांपुरते असतात. सामान्य माणसाला आपल्या देशाच्या वस्तू डोळ्यांनी पाहता आल्या पाहिजेत, हा विचारही भाऊंपाशी होता. मुंबईत पूर्वी एक लहानसा वस्तुसंग्रह किल्ल्यातील बराकीत मांडला होता. १८५७ च्या धामधुमीत सैन्यास ती जागा हवी झाली, संग्रह बाहेर काढला गेला आणि त्यातील पुष्कळ वस्तू नष्ट झाल्या. त्यानंतर डॉ. जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी पुढाकार घेऊन लोकवर्गणीतून नव्या संग्रहालयाचा संकल्प सोडला. १८६२ साली कोनशिला बसली. सट्ट्याच्या कोसळण्याने निधी आटला, बांधकाम रखडले. अखेर १८७२ च्या मे महिन्यात संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. त्या काळी संग्रहालयास लोक अजबखाना म्हणत. अजबखान्यात जाऊन डोळे विस्फारणाऱ्या मुलांपैकी एखाद्यास तरी प्रश्न पडावा, यासाठी ही खटपट होती.

या संग्रहालयाबाहेर दगडाचा एक भला मोठा हत्ती उभा आहे. घारापुरी बेटास ज्याच्यावरून परक्यांनी एलेफंटा हे नाव दिले, तोच हा हत्ती. १८६४ साली तो इंग्लंडास नेण्याच्या प्रयत्नात पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून उभे करण्यात आले. वारसा म्हणजे काय आणि तो कसा जातो, हे मुलांस समजाविण्यासाठी याहून चांगला धडा नाही.

श्रेय कोणाचे?

थोरांची चरित्रे लिहिताना उणिवा झाकण्याची चाल आहे. ती आम्हांस मान्य नाही; भाऊंच्या सत्यशोधक वृत्तीस तर ती मुळीच मान्य झाली नसती. त्यांची काही मते टिकली नाहीत. कालिदास आणि काश्मीरचा मातृगुप्त हे एकच होत आणि तो सहाव्या शतकातला, हा त्यांचा सिद्धांत आज कोणी मानीत नाही. कल्याणजवळील अंबरनाथच्या देवळावरील लेखाचा शक त्यांनी ७८२ असा वाचला. पुढे तोच लेख भगवानलाल यांनी पुन्हा तपासला आणि तो शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरविला. एका अंकाच्या वाचनाने देवळाचे वय दोनशे वर्षांनी उतरले. ज्याला आश्रय दिला त्यानेच आश्रयदात्याची चूक दुरुस्त करावी, यात आम्हांस कृतघ्नता दिसत नाही, विद्येची परंपरा दिसते.

याहून अवघड प्रश्न श्रेयाचा आहे. पायी हिंडून नकला काढल्या भगवानलाल यांनी, वाचनातही त्यांचा वाटा मोठा. पण निबंध प्रसिद्ध झाले ते भाऊंच्या नावाने. भगवानलाल यांस इंग्रजीत लिहिता येत नसे आणि विद्वत्सभेचे दार इंग्रजीनेच उघडत असे. पदरी ठेवलेल्या पंडिताचे काम यजमानाच्या नावावर जाणे ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. रीत सर्वमान्य होती म्हणून ती न्याय्य होती असे नव्हे. आजच्या वाचकाने भाऊंचे प्रत्येक वाचन उच्चारताना भगवानलाल यांचे नाव जोडून घ्यावे, हेच उचित. मात्र दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. भाऊंनी हेरले नसते तर हा बुद्धिमान तरुण जुनागडच्या खडकापाशीच राहिला असता. बारा वर्षांच्या भ्रमंतीत जे ज्ञान त्यांनी कमावले ते भाऊंच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्वतःच्या नावाने उजेडात आले. नेपाळचे लेख त्यांनी डॉ. बूलर यांच्या साहाय्याने प्रसिद्ध केले. १८८२ साली नालासोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन करून बुद्धाच्या मूर्ती व पात्राचे अवशेष असलेला करंडक बाहेर काढला. ओरिसातील हाथीगुंफेचा खारवेलाचा लेख लावला. हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांस सन्मान्य डॉक्टर केले. १८८८ साली त्यांचे निधन झाले. मथुरेचे सिंहशीर्ष त्यांच्या इच्छेनुसार लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला गेले. ज्याला पायरीवरून उचलले, तो दगड अखेर परदेशी गेला याची खंत वाटते; परंतु तो सुरक्षित राहील अशी जागा त्या काळी आपल्या देशात त्यांना दिसली नसावी, हा विचार अधिक खंत वाटावयास लावणारा आहे.

भाऊंचा शेवटचा काळ आजारपणात गेला. ३१ मे १८७४ रोजी त्यांनी देह ठेवला. वय पन्नाशीच्या आसपास होते. अनेक निबंध मनात राहिले, अनेक नकला वाचावयाच्या राहिल्या. त्यांच्या संग्रहातील पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत त्यांच्या नावाच्या संग्रहात जतन झाल्या आहेत. त्यांचे विखुरलेले निबंध रामचंद्र घोष यांनी १८८८ साली कलकत्त्याहून ग्रंथरूपाने काढले. मराठी वैद्याच्या संशोधनाचा ग्रंथ एका बंगाली गृहस्थाने प्रसिद्ध करावा, हेही भाऊंच्या अखिल भारतीय दृष्टीला साजेसेच झाले. १९७५ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमचे नाव 'डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय' असे झाले. मोडकळीस आलेल्या या वास्तूचा महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून जीर्णोद्धार केला, त्यास २००५ मध्ये युनेस्कोचे पारितोषिक मिळाले आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा जनतेसाठी उघडले. ज्या तऱ्हेने ते प्रथम उभारले गेले, त्याच तऱ्हेने, नागरिक व शासन यांच्या मिळून केलेल्या प्रयत्नाने, ते वाचले.

आपण काय करावे?

भाऊंच्या चरित्रापासून आम्हांस जो बोध होतो तो थोडक्यात मांडून हा लेख पुरा करतो. पुरातत्त्व हा सरकारी खात्याचा विषय आहे, अशी आपली समजूत झाली आहे. १९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके शासनाच्या संरक्षणाखाली आहेत, पुढील दुरुस्त्यांनी त्यांच्याभोवतालच्या शंभर मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध आहे, हे सर्व योग्यच झाले. परंतु कायदा यादीतल्या दगडाचे रक्षण करतो. जो दगड यादीत नाही, जो गल्लीच्या कोपऱ्यावर धुणे आपटावयास वापरला जातो, ज्या पोथ्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी आहेत, त्यांचा वाली कोण? मथुरेच्या पायरीतले सिंहशीर्ष यादीतले नव्हते. ते दिसले, कारण कोणाला तरी पाहण्याची सवय होती आणि कोणीतरी त्याच्या प्रवासाचा खर्च सोसला होता.

आपल्यापैकी बहुतेकांना भाऊंएवढे द्रव्य नाही आणि भगवानलाल यांच्याएवढी विद्याही नाही. तरीही काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. नोकरीच्या निमित्ताने ज्या गावी आपण राहतो, तेथील जुन्या वास्तूंकडे परक्याच्या वस्तू म्हणून पाहू नये. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, झाशी, तंजावर येथे तर मराठी राजवटींच्या खुणाच आहेत. पण जेथे त्या नाहीत तेथील स्तंभही आपलाच आहे. मुलांना सुटीत संग्रहालयात न्यावे. एखादा लेख किंवा मूर्ती उघड्यावर दिसली तर ती न हलविता संबंधित अधिकाऱ्यांस कळवावे. घरातील जुनी कागदपत्रे, मोडी बखरी, आजोबांच्या रोजनिश्या रद्दीत न घालता एखाद्या संशोधन संस्थेकडे सोपवाव्यात. मंडळाच्या कार्यक्रमांत गणेशोत्सव आणि नाटके यांच्याबरोबर वर्षातून एखादी सहल अशा स्थळी काढावी आणि तेथील लेख काय सांगतो हे जाणकाराकडून ऐकावे. संशोधनाला पैशाची जशी गरज असते, तशीच ऐकणाऱ्यांची असते.

पाटण्याच्या मठाला राजाने भूमी दिली आणि तेल्याने पळीभर तेल दिले. भाऊंनी आपल्या काळात दोघांचेही काम केले. आपल्या वाट्यास पळीभर तेल येते. तेवढे दिले तरी भास्कराचार्यांच्या शाळेतला दिवा आपल्या हाताने तेवत राहील.